श्वासावरचं सील

यंत्र बंद पडलं तेव्हा शकुंतलाबाई स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळत होत्या. आवाज थांबला म्हणूनच त्यांच्या ध्यानात आलं. फुस्स, टक, फुस्स, टक. त्या आवाजाची हुबळीतल्या उणकलच्या त्या घराला इतकी सवय झाली होती की घरातल्यांना तो ऐकूच येत नसे. पाहुणे विचारायचे, "हे काय वाजतंय हो?" आणि शकुंतलाबाई म्हणायच्या, "कुठं काय?"

पिठाच्या हातांनीच त्या बाहेरच्या खोलीत धावल्या. यशवंतराव खुर्चीत ताठ बसले होते आणि नाकातली नळी बोटांनी चाचपत होते. खोलीत पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. पण यंत्रावरचा हिरवा दिवा गेला होता आणि त्याच्या शेजारी पिवळा लागला होता.

"बोलू नका," शकुंतलाबाई म्हणाल्या. कोपऱ्यातल्या सिलिंडरची चावी त्यांनी फिरवली, डॉक्टरांनी दाखवलं होतं तशी नळी यंत्रातून काढून सिलिंडरला जोडली आणि नवऱ्याच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. मग मुलाला, प्रभंजनला, आणि धारवाडला लेकीला फोन लावला.

गोकुळ रोडवर यशवंतराव नरगुंदकरांनी उभा जन्म मोटार वाइंडिंग केलं. जळकी मोटार आली की तांब्याची तार उचकटायची, नवी भरायची, वॉर्निश करून भट्टीत घालायची. त्या धुरानं फुप्फुसं गेली, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलातून घरी सोडताना त्यांनी सांगितलं होतं, की आता दिवसरात्र प्राणवायू लागेल. त्या वेळी थोरल्या प्रभंजननं हे यंत्र घरी आणून बसवलं. कोप्पीकर रोडवर त्याचं वैद्यकीय उपकरणांचं दुकान होतं आणि हुबळी-धारवाडला त्या बेंगळूरच्या कंपनीचा तो एकटाच डीलर होता. त्या दिवसांत हे यंत्र घरात असणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. शेजारची माणसं येऊन बघून जायची. सिलिंडर संपतो, हे संपत नाही. ते खोलीतली हवा आत ओढतं आणि तिच्यातून प्राणवायू वेगळा काढून देतं. शकुंतलाबाईंना ते कधीच नीट कळलं नव्हतं. यंत्राजवळून जाताना त्या पदर सावरून जायच्या, गाभाऱ्यासमोरून जावं तशा.

तेच यंत्र २००४ सालच्या मार्गशीर्षातल्या त्या रविवारी गप्प उभं होतं.

प्रभंजन आला तो मोबाइल कानाला लावूनच. "हो सर. पेशंट माझे वडील आहेत, सर. होल्ड करतो." तो अंगणातच येरझारा घालत राहिला. तेवढ्यात मामांची मारुती दारात थांबली. शकुंतलाबाईंचे धाकटे भाऊ रामचंद्र हे धारवाडला वकील. त्यांच्या शेजारी प्रभंजनची बहीण हेमावती बसली होती. ती धारवाडच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून मल्टीमीटरच्या तारा बाहेर डोकावत होत्या. त्या तारा बघून प्रभंजन त्यांच्या आधी घरात शिरला.

"इंजिनिअर गुरुवारी येणार," फोन ठेवून तो म्हणाला. "काही बिघडलेलं नाही. ठरावीक तास चाललं की यंत्र सर्व्हिस मागतं. मागच्या खेपेला तास भरायच्या आधीच माणूस येऊन गेला होता, म्हणून कळलं नाही. आता बंद झालंय. त्यानं येऊन कोड टाकला की सुरू होईल."

"मग कोड फोनवर सांगायला सांग," हेमावती म्हणाली.

"विचारलं. डीलरला देत नाहीत."

"तुला देत नाहीत?"

"कुणालाच देत नाहीत, हेमा."

हेमावती यंत्रापुढं उकिडवी बसली. पाठीमागं झाकणाच्या सांध्यावर चांदीसारखा चकचकीत कागद चिकटवला होता. तो फाडल्याशिवाय झाकण निघणार नव्हतं. त्याच्या बाजूचे स्क्रूसुद्धा वेगळे होते. डोक्यावर ताऱ्याच्या आकाराची खाच, आणि मधे टोक. साधा पेचकस त्यात बसला नसता.

"उघडूया," ती म्हणाली.

"हात लावायचा नाही!" प्रभंजनचा आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला. "त्यावर काय लिहिलंय वाच. सील तुटलं की गॅरंटी संपली. पुढं फिल्टर मिळणार नाही, पार्ट मिळणार नाही. आणि डीलरच्या घरातच सील तुटलं तर माझी एजन्सी गेलीच म्हणून समज. दुकानावर तीन घरं जगतात."

"मामा, तुम्ही सांगा," हेमावती म्हणाली.

रामचंद्रमामांनी चष्मा पुसला. भाचीच्या बाजूनं बोलायची त्यांना सवय होती, पण आज ते म्हणाले, "प्रभंजनचं बरोबर आहे. वकील म्हणून सांगतो, सील शाबूत असेल तर दोष कंपनीचा. तुम्ही हात लावलात की ते म्हणणार, यांनीच बिघडवलं. मग कोर्टात मी काय बोलू?"

"मी हॉस्पिटलात खोली घेतो," प्रभंजन म्हणाला. "गुरुवारपर्यंतचा तर प्रश्न आहे. आई, तू सांग ना अप्पांना."

शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मागच्या खेपेला हॉस्पिटलातून आणलं तेव्हा शेजारच्या खाटेवरचा ताप बरोबर घेऊन आले होते, आणि त्या तापानं महिनाभर उठू दिलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "जाऊया की. यंत्र मोडलं तर काय करायचं आपण? हेमा, बिडु, राहू दे."

आतापर्यंत यशवंतराव बोलले नव्हते. त्यांना बोलायचं असलं की ते आधी श्वास गोळा करायचे, आणि तोवर घर थांबायचं.

"गुरुवारी येईल," ते म्हणाले. "आकडे दाबेल. जाईल. पुढच्या वर्षी परत पिवळा."

त्यांनी यंत्राच्या पाठीकडं बोट केलं.

"प्रभा, याला स्क्रू लावलेत. उघडायचं नसतं तर रिव्हेट मारली असती. स्क्रू आहे म्हणजे कुणीतरी उघडायचं आहे." त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "ते कुणी, एवढंच भांडण आहे."

"अण्णा, एक सांग," हेमावती भावाला हळूच म्हणाली. "यंत्र कुणाचं आहे?"

"अप्पांचं."

"मग कुलूप कुणाचं?"

कंपनीनं डीलरांना बेंगळूरला बोलावून शिकवलं होतं. गिऱ्हाइकाला कसं समजवायचं, यंत्राचे गुण कसे सांगायचे, सगळं. हा प्रश्न तिथं कुणी विचारला नव्हता. प्रभंजनला बहिणीचा राग आला, आणि राग तिचा नव्हे हे कळून जास्तच आला. स्कूटरची किल्ली उचलून तो बाहेर पडला.

"प्रभा!" आईनं हाक मारली. स्कूटर वळली आणि गेली.

यशवंतरावांना मुलाचं वाईट वाटलं. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही गेलो असतो, असं त्यांच्या मनात आलं. ते खुर्चीत मागं टेकले. सिलिंडरचा काटा खाली सरकत होता, आणि रविवारी दुसरा मिळणं कठीण होतं.

"आई," हेमावती म्हणाली, "सिलिंडर चालू आहे. घरात कुठं आग नको. गॅस बंद आहे ना?"

शकुंतलाबाई उठून आत गेल्या. देवापुढं सकाळची समई तेवत होती. ती त्यांनी कधी स्वतःच्या हातानं शांत केली नव्हती. आज वात चिमटीत धरून विझवली, बोटं कपाळाला लावली आणि बाहेर येताना धुतलेला पांढरा पंचा आणून हेमावतीपुढं जमिनीवर अंथरला. "स्क्रू यावर ठेव," त्या म्हणाल्या. "हरवायचे नाहीत."

रामचंद्रमामा बहिणीकडं बघतच राहिले. मग उठून गाडीतून कॅमेरा घेऊन आले. आदल्या दिवशी धारवाडात मुंज होती, तिथला रोल अजून उरला होता. "उघडायचंच आहे तर माझ्यासमोर उघडा," ते म्हणाले. "आधी सीलचा फोटो. मग प्रत्येक पायरीचा. आपण चोरून काही करत नाही."

ताऱ्याच्या स्क्रूला पेचकस बसेना. यशवंतरावांनी बोटानं खूण केली. हॅकसॉचं तुटकं पान आण, डोक्यावर आडवी खाच पाड. हेमावती खाच पाडू लागली. लेकीच्या मनगटाची ती हालचाल बघताना यशवंतरावांना आपलाच हात दिसला. सील फाटलं तेव्हा कागदाचा बारीकसा आवाज झाला आणि शकुंतलाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग झाकण निघालं.

आयुष्यभर यशवंतरावांनी यंत्रांची पोटं उघडून पाहिली होती. पंप, गिरण्या, पिठाच्या चक्क्या, एकदा तर चित्रपटगृहाचा प्रोजेक्टर. पण ज्याच्यावर आपण जगतो ते आतून कसं आहे, हे बघायची वेळ कधी आली नव्हती. ते पुढं झुकले.

तळाशी एक मोटार होती. तिला त्यांनी लगेच ओळखलं. तिचं वाइंडिंग त्यांनी डोळे मिटून भरलं असतं. तिच्यावर कॉम्प्रेसर. आणि त्याच्या मागं दोन उभी नळकांडी, जुळ्या मुलांसारखी शेजारी शेजारी.

"यात काय?" त्यांनी विचारलं.

"दाणे आहेत, अप्पा. साबुदाण्यासारखे पांढरे, दगडाचेच म्हणा ना. यंत्र आलं तेव्हा मी वाचून काढलं होतं." हेमावती त्यांच्याकडं वळून बसली. "खोलीतली हवा दाबून आत सोडली की हे दाणे तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवतात. प्राणवायू तेवढा पुढं जातो. मग दाब काढला की धरलेलं सगळं सोडून देतात आणि परत रिकामे. एक नळकांडं धरत असतं तेव्हा दुसरं सोडत असतं."

"म्हणजे ते फुस्स..."

"सोडल्याचा आवाज. आणि टक म्हणजे पाळी बदलली."

दीड वर्षं यशवंतराव त्या दोन आवाजांवर झोपले होते, उठले होते. "आणि दमत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"कोरडे राहिले तर वर्षानुवर्षं नाही."

"दगड," ते म्हणाले. "दगड निवडून देतो." त्यांचे डोळे भरून आले. शकुंतलाबाई घाबरून पुढं आल्या, पण त्यांनी हात वर करून थांबवलं. त्यांना दुखत काही नव्हतं.

हेमावती हिरव्या सर्किट बोर्डवर वाकली. बराच वेळ ती एकेका जागी तारेची टोकं टेकवत राहिली आणि मामा फोटो काढत राहिले. शेवटी ती म्हणाली, "सापडलं. मोटार ठीक, व्हॉल्व्ह ठीक. तास मोजणारी चिप आहे. ही नाण्याएवढी बॅटरी तिची आठवण धरून ठेवते. बॅटरी काढली की चिप तास विसरेल." ती थांबली. "पण आणखी काही त्याच चिपमध्ये ठेवलं असेल तर तेही विसरेल. मग यंत्र कायमचं बंद. मी खात्री देऊ शकत नाही, अप्पा."

मामांनी कॅमेरा खाली केला. "भावोजी, अजूनही थांबता येईल."

यशवंतरावांनी श्वास गोळा केला. "यंत्र माझं," ते म्हणाले. "काढ."

तिनं बॅटरी काढली, थोडं थांबून परत बसवली. झाकण न लावताच बटण दाबलं. आधी मोटार घुमली. मग काहीच नाही. मग जुळ्यांतल्या एकानं श्वास सोडला. फुस्स. टक. हिरवा दिवा लागला.

शकुंतलाबाई जमिनीवरच बसल्या. मामा हसत होते की आणखी काय, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. फक्त हेमावती हलली नाही. "थांबा. नळी लावू नका," ती म्हणाली. "हवा येतेय. पण प्राणवायू किती आहे त्यात? नुसतीच हवा असेल तर? मोजल्याशिवाय मी अप्पांना लावणार नाही. आणि मोजायचं मीटर कॉलेजात नाही."

सगळ्यांचे चेहरे उतरले. सिलिंडरचा काटा लाल पट्टीला टेकला होता.

दारात स्कूटर थांबली. प्रभंजन आत आला. उघडं यंत्र, पंच्यावरचे स्क्रू, फाटलेलं सील, सगळ्यावरून त्याची नजर फिरली. वाटेत त्याच्या मनात काय आलं आणि तो कुठून मागं वळला, हे त्यानं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. काखेतली राखाडी पेटी त्यानं खाली ठेवली आणि उघडली.

"कंपनीचंच मीटर आहे," तो म्हणाला. "दुकानातून आणलं. सरक, हेमा."

भाऊबहीण दोघं यंत्रापुढं गुडघ्यांवर बसले. प्रभंजननं नळी मीटरला लावली. साध्या हवेला काटा जिथं असतो तिथं तो क्षणभर रेंगाळला. मग वर चढू लागला. सावकाश, न अडखळता. अर्ध्यावर आला, अर्धं ओलांडलं, आणि पार टोकाजवळच्या हिरव्या पट्टीत जाऊन उभा राहिला. खोलीतली हीच हवा. भाकरीच्या पिठाचा, स्कूटरच्या पेट्रोलचा वास असलेली, सगळे घेत होते तीच.

"अय्यो," प्रभंजन पुटपुटला. शेकडो वेळा त्यानं हे मीटर गिऱ्हाइकांना दाखवलं होतं. आज तो स्वतः पहिल्यांदा बघत होता.

त्यानंच नळी वडिलांच्या नाकाला लावली. मग उठला, खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांच्या देखत बेंगळूरला फोन केला. "सर, हुबळीहून बोलतोय. माझ्या वडिलांच्या यंत्राचं सील तुटलंय. चोरून नाही, आम्ही तोडलंय. मीटर मी लावलं. नाव लिहून घ्या. प्रभंजन यशवंत नरगुंदकर."

एजन्सी गेली. फिल्टर बंद झाले. कंपनीनं कळवलं की उघडलेल्या यंत्राला आम्ही जबाबदार नाही. सगळं अपेक्षेप्रमाणं झालं, आणि रामचंद्रमामांनी धारवाडच्या ग्राहक न्यायालयात तक्रार दाखल केली.

तीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी जमिनीचे वाद चालवले होते, वाटण्या केल्या होत्या, भाडेकरू काढले होते. या खटल्यासाठी ते कायद्याचं लहानसं पुस्तक घेऊन रोज बसू लागले. "दुरुस्तीचा हक्क असा शब्दच यात नाही," ते बहिणीला फोनवर सांगायचे. "मी शोधला. पण अक्का, जे आहे तेही थोडं नाही. वस्तू विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला वेठीला धरू नये, एवढं साधं वाक्य मोठमोठ्या माणसांनी बसून लिहून ठेवलंय. तुझ्यामाझ्यासाठी. इतकी वर्षं माझ्या कपाटात होतं, मी कधी नीट वाचलं नव्हतं."

सुनावणीच्या दिवशी यशवंतराव म्हणाले, मी येणार. डॉक्टर नको म्हणाले, शकुंतलाबाई नको म्हणाल्या. पण तक्रारदार ते होते. मारुतीच्या मागच्या सीटवर यंत्र, पुढं सिलिंडर धरून ते, आणि मागून स्कूटरवर प्रभंजन व हेमावती असे सगळे धारवाडला पोचले. दालनात भिंतीला एकच प्लग होता, तोही पाण्याच्या कूलरचा. शिपायानं न्यायालयाच्या अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी मान हलवली. कूलर बंद झाला आणि न्यायालयात आवाज सुरू झाला. फुस्स, टक.

"कुंद्रि यजमान्रे, बसा," अध्यक्ष कानडीत म्हणाले. "उभं राहायची गरज नाही."

बाकांवर अनोळखी माणसं येऊन बसली होती. बातमी कुठून कशी गेली कोण जाणे. धारवाडजवळच्या केलगेरीच्या जयलक्ष्मी म्हणून एक शिक्षिका नवऱ्याचं असंच यंत्र रिक्षात घालून घेऊन आल्या होत्या. त्याच्यावर पिवळा दिवा लागायला थोडेच दिवस होते.

कंपनीचे वकील चांगले बोलले. यंत्र नाजूक आहे. पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. शिकलेल्या इंजिनिअरशिवाय कुणी हात लावला तर घात होईल, म्हणून कुलूप. अटी छापलेल्या आहेत, तक्रारदाराचा मुलगा स्वतः डीलर होता. रामचंद्रमामांनाही क्षणभर ते पटलं.

मग ते उठले. "महाशय, यंत्र भाड्यानं दिलं असतं तर कुलूप यांचं, हे मला मान्य आहे. यांनी विकलं. विकलेल्या घराची किल्ली विकणाऱ्यानं स्वतःच्या खिशात ठेवली, आणि घरात माणूस आहे. माझं म्हणणं एवढंच."

"पण सुरक्षेचं काय?" अध्यक्षांनी विचारलं. "यंत्र चालतंय हे दिसतंय. नीट चालतंय कशावरून?"

"मीटर इथंच आहे," मामा म्हणाले. "माझ्या भाच्यानं लावलं तर हे म्हणतील, एजन्सी गेल्याचा राग आहे. त्यांचा इंजिनिअर मागं बसलाय. त्यालाच लावू दे."

कंपनीचे वकील काही बोलायच्या आत अध्यक्षांनी मागं बघून बोट हलवलं. इंजिनिअर उठून आला. सरळ माणूस असावा. त्यानं नळी लावली आणि काटा थांबेपर्यंत मान वर केली नाही.

"कसं आहे?"

"बरोबर आहे, सर."

"तुम्ही सर्व्हिसला जाता तेव्हा काय करता?"

"फिल्टर बदलतो. मीटरनं तपासतो. कोड टाकतो."

"फिल्टर घरचे लोक बदलू शकतील?"

"हो सर. सोपं आहे."

"मीटर हेच?"

"हेच, सर."

"आणि कोड काय करतो?"

इंजिनिअरनं आपल्या वकिलांकडं पाहिलं. मग खुर्चीतल्या यशवंतरावांकडं पाहिलं. "तास शून्य करतो," तो म्हणाला.

"आणखी?"

"आणखी काही नाही, सर."

दालनात पन्नासेक माणसं एका माणसाचा श्वास ऐकत होती. रामचंद्रमामांना पुढचा मुद्दा बोलायचा होता, लिहूनही आणला होता. त्यांना तो बोलवेना. असं न्यायालय त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते हळूच खाली बसले.

अध्यक्ष यशवंतरावांकडं वळले. "यजमान्रे, तुम्हाला काय हवंय? भरपाई?"

यशवंतरावांनी श्वास गोळा केला. अध्यक्ष थांबले, दोघं सदस्य थांबले, कंपनीचे वकीलही थांबले.

"पुस्तक," ते म्हणाले.

"कसलं पुस्तक?"

"याचं. इंजिनिअरजवळ असतं ते. कसं उघडायचं, कसं लावायचं." त्यांनी यंत्रावर हात ठेवला. "मला वाचायचंय."

निकाल उन्हाळ्यात लागला. कुलपाचा कोड, सुटे भाग आणि दुरुस्तीचं पुस्तक तक्रारदाराला द्यावं, सील तुटलं या कारणानं सेवा नाकारू नये, असा आदेश झाला. कंपनी वरच्या न्यायालयात जाईल असं मामांना वाटत होतं. ती गेली नाही. पार्सल आलं.

त्या दुपारी प्रभंजन ते घेऊन आधी कोप्पीकर रोडवर झेरॉक्सला गेला. पार्सलवर तक्रारदाराचं नाव होतं, पण यंत्रं त्यानंच गावभर विकली होती, आणि कुणाकुणाच्या घरी पोचवायचं हे त्याला तोंडपाठ होतं. पहिली प्रत केलगेरीला जयलक्ष्मींना देऊन तो मूळ पुस्तक घेऊन उणकलला आला. दुकानाच्या पाटीवर आता दुरुस्ती असा शब्द चढला होता.

हेमावती वडिलांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. पुस्तक इंग्रजीत होतं. ती वाचून मराठीत सांगत होती. शकुंतलाबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. सावधगिरीची पानं झाली, मग एक मोठं घडीचं पान आलं. तिनं ते उलगडून वडिलांच्या मांडीवर पसरलं. साऱ्या यंत्राची आकृती होती, आणि हवेची वाट बाणांनी दाखवली होती.

"वाचू नको," यशवंतराव म्हणाले. "मी बघतो."

त्यांनी बोट पहिल्या बाणावर ठेवलं. खोलीतली हवा. बोट फिल्टरमधून आत गेलं, कॉम्प्रेसरमधून वर चढलं, जुळ्या नळकांड्यांपाशी थांबलं, एकीकडून दुसरीकडं गेलं, व्हॉल्व्ह ओलांडून नळीत उतरलं. बोट पानाच्या कडेला पोचलं. तिथं शेवटचा बाण संपत होता, आणि बाणाच्या टोकाशी कुणीतरी साध्या रेघांनी माणसाचं डोकं काढलं होतं. नाक होतं, डोळे नव्हते, नाव नव्हतं.

यशवंतराव त्या डोक्यावर बोट टेकवून बराच वेळ बघत राहिले.

"शकू," त्यांनी हाक मारली. "इकडं ये. हा मी."